घरमालकांच्या बाकावर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची कुरकुर, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (गुडघ्यांसाठी देवाला सांगितलंय, भाऊजींचं तुझं तू बघ.)

मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण शेजारचा शिंपी हल्ली शीळ घालत फिरतो आणि ते मला बघवत नाही. झालं असं, की मालकाला आमच्या दोन्ही खोल्या पाडून गोदाम बांधायचंय. महिनाभरात खोली सोडा, अशी दोघांनाही नोटीस आली. शिंपी ती घेऊन तडक मोफत कायदा सल्ला केंद्रात गेला. मी हसलो. फुकटातला वकील तो काय असणार! तर त्याच्या वकीलबाईने पंधरा दिवसांत कोर्टाची स्थगिती आणली. आता निकालापर्यंत त्याला कुणी हलवू शकत नाही. अख्खी गल्ली त्यालाच सल्ला विचारते. काल नळावर त्याने मला कलमं समजावली. मला, ज्याने त्याला साधा अर्ज लिहायला शिकवलं! नुसता जळफळाट झाला गं, खोटं कशाला बोलू?

शेवटी मीही गेलो. लोकांनी गरजू समजू नये म्हणून भाऊजींचा जुना कोट चढवला, अत्तर लावलं. कारकुनाने अदबीने उठून मला समेटासाठी आलेल्या घरमालकांच्या बाकावर बसवलं आणि मी (तुझाच भाऊ) तासभर पायावर पाय टाकून तिथेच बसलो. शेजारच्याने विचारलं, आपले भाडेकरू किती? मी म्हटलं, सात. वकीलबाईपुढे मात्र पंचाईत झाली. तिने राहत असल्याचा पुरावा मागितला. मालकाने कधी पावती दिली नाही, आणि विजेची बिलं मी दाढीचा साबण पुसायला वापरली. शिंप्याने चौदा वर्षांची बिलं इस्त्री करून ठेवली होती!

असो. मुलांना आशीर्वाद. आम्ही आहोत तिथेच आहोत (तूर्त).

तुझा,
धाकटा

ता. क. चौदा वर्षं मी तुला पत्रं लिहितोय. पाकिटामागे याच खोलीचा पत्ता, पुढे पोस्टाचा शिक्का. वकीलबाई म्हणते, हा पुरावा उपयोगी पडेल. तू काही टाकत नाहीस हे मला माहीत आहे. सगळी पाकिटं ताबडतोब पाठव. मुदत पुढच्या शुक्रवारी संपते, आणि मला खरंच भीती वाटते.

पुन्हा ता. क. आतली पत्रं मात्र काढून घे. ही खोली मी विकत घेतली, वर गच्ची काढली आणि शिंप्याची दया येऊन त्याला भाड्याने ठेवलं, असं त्यांत बरंच काही आहे. (भाऊजींनी बंगला बांधला, तेव्हा मला राहवलं नाही.)

आणखी एक. नाहीच जमलं तर माझ्या खोलीत राहायला ये, असं शिंपी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला मेला. ताई, पाकिटं आजच पोस्टात टाक.