ठमाबाईंनी माझ्याकडे बघावं म्हणून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर धरलीये, त्यामुळे अर्धाच वाकून केलाय, उरलेला भेटीत वसूल कर). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की तू चहा करावास म्हणून अजून खोकतात? तुझ्या सासूबाई मुक्कामाला आल्यात हे कळलं. त्यांच्या गुडघ्यांची वेगळी चौकशी केलीये म्हणून सांग. आणि आमच्या ठमाबाई काय म्हणतात? सातवा महिना संपत आला. दात आला असेल तर कळव, आणि पहिल्यांदा कुणाला चावली तेही कळव (तो मान खरं तर मामाचा).

आता माझा पराक्रम ऐक. परवा एका सकाळीत ओळीने आलेली सगळी बाळं मी आंधळी ठरवली. घाबरू नकोस, सगळ्यांना लख्ख दिसतं. पण आधी माझं काम समजावून घे, कारण माझा भाऊ दवाखान्यात खेळण्यांशी खेळतो असं तू अजून लोकांना सांगतेस. (खेळतो, पण पगारी.) बोलता न येणाऱ्या बाळाला अक्षरं वाच म्हणता येत नाही, म्हणून त्याला खेळवायचं आणि डोळे काय करतात ते बघायचं. मोठा चेंडू सोडायचा, मग लहान, मग वाटाण्याएवढा, नजर कुठवर मागे जाते ते बघायचं. एकेक डोळा झाकायचा. एकच झाकल्यावर थयथयाट झाला तर चांगला डोळा झाकला गेलाय आणि दुसऱ्यात गडबड आहे. (दोन्ही वेळा सारखाच थयथयाट झाला तर डोळे उत्तम, स्वभाव तेवढा वाईट.) आणि सगळ्यात महत्त्वाचा आमचा राखाडी पुठ्ठा. त्याच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दुसरी बाजू कोरी, मधोमध बारीक भोक. बाळ आईच्या मांडीवर, मी पुठ्ठ्यामागे, डोळा भोकाला. दिसत असेल तर बाळ पट्ट्यांकडे बघतं, मग आणखी बारीक पट्ट्या दाखवायच्या. झालं.

गोम अशी की बाळांना पट्ट्यांपेक्षा माणसाचं तोंड जास्त आवडतं. म्हणून तपासणाऱ्याने तोंड लपवायचं, हसायचं नाही, बोलायचं नाही, वर राखाडी कोट घालायचा. थोडक्यात, भिंत व्हायचं. मी या खात्यातली पहिल्या नंबरची भिंत आहे. मोठ्या डॉक्टरीणबाई नव्या लोकांना माझं उदाहरण देतात, की बघा, यांच्याकडे एकही मूल ढुंकून बघत नाही. (लग्नाच्या वेळी हीच हुशारी आड आली असणार.) दिवसभर त्या भोकातून मी डोळे बघतो, टपोरे, ओले, रडून लाल झालेले, आणि खरं सांगतो ताई, हल्ली कुठलंही बाळ समोर बसलं की मला ठमीच आठवते. जन्मल्यापासून तिला मी फक्त फोनच्या काचेत पाहिलंय. या कामाला माझ्याशिवाय दुसरं माणूस नाही, म्हणून रजा मिळत नव्हती.

फोनवरही काय मिळतं म्हणा. तू तिला समोर धरून मामा बघ, मामा बघ करतेस आणि ती पंखा बघते. गेल्या रविवारी मी जीभ काढली, टाळ्या वाजवल्या, गाणंसुद्धा म्हटलं. बाईसाहेबांनी जांभई दिली आणि तुझ्या सासूबाईंनी आतून विचारलं, कोण ओरडतंय? मनाला लागलं ते. म्हणून मी घरी आणलेला जुना पुठ्ठा काढून कॅमेऱ्यासमोर धरला, आठवतं? झटकन मान वळली! पट्ट्या डावीकडे नेल्या, डोळे डावीकडे. उजवीकडे नेल्या, उजवीकडे. वर खिदळलीसुद्धा. पुठ्ठा खाली घेतला की पुन्हा पंखा. म्हणजे डोळे उत्तम, कमी पडतोय तो मी.

मग काय, दुकानात जाऊन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घेतला. (कुणासाठी, असं दुकानदाराने विचारलं. मी भाचीसाठी म्हटल्यावर त्याने बोटभर मापाचा काढला.) परवा दुपारच्या सुट्टीत तू फोन करणार होतीस, म्हणून तो सकाळीच अंगात घालून कामावर गेलो. वर कोट होताच. पण उकडत होतं म्हणून मी कोटाची बटणं सोडली, आणि पुठ्ठ्याच्या खाली माझं पोट दिसतंय हे माझ्या ध्यानीमनीही नाही. बाळं येत होती आणि ना डावीकडे बघत होती ना उजवीकडे, नुसती खाली टक लावून. मी आपला इमानदारीत लिहितोय, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही. एका आईचा चेहरा असा पडला की मी लिहिणं थांबवून डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांनी दिवे पाहिले, पुठ्ठे उलटसुलट केले, शेवटी आईच्या खुर्चीत स्वतः बसल्या, समोर पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या, शर्ट!

सगळ्या बाळांना त्यांनी लगेच पुन्हा तपासलं. त्या आईची मी हात जोडून माफी मागितली. रडता रडता ती माझा शर्ट बघून हसायलाच लागली. मला लाज वाटली, अगदी जमिनीत जावंसं वाटलं. पण त्याआधी क्षणभर, सकाळभर सगळी बाळं आपल्याकडेच बघत होती हे कळलं ना ताई, तेव्हा बरं वाटलं. डॉक्टरीणबाई खूप बोलल्या. मग हे सोंग कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आठवड्याची रजा लिहून दिली. भाचीला भेटून या, म्हणाल्या, नाहीतर आमचं खातं बुडेल.

पण सासूबाई असेपर्यंत घरात जागा नाही, सुट्टीत ये, असं तू म्हणाली होतीस. तुझी अडचण मला कळते. आग्रह नाही. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. फोनवरची तपासणी आमच्यात धरत नाहीत. ठमीचे डोळे समोरासमोर बघितलेले बरे. सोमवारी येऊ का? सासूबाईंना वैद्यकीय कारण सांग. स्वयंपाकघरात झोपेन, घोरत नाही (घोरतो, पण तिथे दार आहे).

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. तिचे डोळे ठणठणीत आहेत, तपासायचं काहीही नाही. पण सुट्टीपर्यंत थांबायला सांगू नकोस. मी रोज बघतो ना, या वयात बाळं कुणाकडेही खुशाल टक लावून बघतात. आणखी महिना-दोन महिन्यांनी परका माणूस दिसला की ती तुझ्या मानेत तोंड खुपसेल, आणि मी परकाच आहे तिला. येताना चेंडू, पुठ्ठा, काही आणणार नाही. तिला फक्त माझ्या मांडीवर, माझ्याकडे तोंड करून बसव. रडली तरी चालेल. माझ्याकडे बघून रडू दे.