धुक्यात हाक मारायची नाही

१२ मे
पोहोचलो एकदाचे. डोंगर झकास आहे, हवा गार आहे, तीही छातीभर घेऊन झाली. बाकी बायको महिनाभर ज्याला रिसॉर्ट रिसॉर्ट म्हणत होती तो लाकडी फळ्यांवर ठोकलेला तंबू निघाला. चेनचं दार, दोन खाटा, लेकीसाठी एक छोटी, आणि संडास थेट उताराखाली. विमानातून परदेशात यायचं आणि कापडाखाली झोपायचं, ही हौस शिकलेल्या माणसांनाच सुचते.

मॅनेजर बुटका, दाढीवाला. इंग्रजी माझ्याहून कच्चं, थाट मात्र हेडमास्तरचा. त्याने सगळ्यांच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली आणि बजावलं, की धुकं उतरलं की कोणी कोणाला हाक मारायची नाही. काम असेल तर शिट्टी वाजवायची. स्वयंपाकीणबाई जेवायलासुद्धा शिट्टीनेच बोलावते म्हणे. बायकोने मुकाट्याने मान डोलावली. मी माझी शिट्टी खाटेखाली फेकली. मी काय बसचा कंडक्टर आहे?

१३ मे
दुपारी धुकं उतरलं. सगळा कॅम्प चिडीचूप, अधूनमधून शिट्ट्या. शेजारच्या तंबूतला म्हातारा म्हातारीकडे चष्मा मागायलाही शिट्टी फुंकतो. इतकी बावळट माणसं एका डोंगरावर कशी गोळा झाली, देव जाणे.

बायको लेकीला घेऊन नळावर गेली होती. मी कठड्याशी उभा राहून खणखणीत हाक दिली, अगं ए, चहा कुठाय? आमच्या घरात मी हाक मारतो आणि ती येते, इतकी साधी पद्धत आहे. मॅनेजर धावत आला आणि चक्क माझ्या तोंडावर हात ठेवायला लागला. त्याला आपल्या भाषेत चार शेलक्या शिव्या हासडल्या, त्याही दरीकडे तोंड करून, म्हणजे घुमतील. घुमल्या नाहीत. इथल्या दऱ्याही आळशी.

१४ मे
घसा बसलाय. बायको सकाळपासून वेगळ्याच नादात. काल संध्याकाळी पुन्हा नळावर गेली तेव्हा मी धुक्यातून तिला विचारलं म्हणे, दमलीस का गं? मी तेव्हा तंबूत आडवा होतो. म्हटलं, कान तपासून घे. तर म्हणते, अहो, लग्नानंतर पहिल्यांदा विचारलंत, आता नाही कशाला म्हणता? आणि लाजली. या वयात.

गंमत म्हणून मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, धुक्याला तुमचा आवाज सापडलाय, आता ते आधी आवाज घेणार आणि मग तुमची माणसं घेणार. सकाळच्या गाडीने खाली जा. मी हसलो. हसू घोगरं निघालं. अडाणी कुठला.

सकाळच्या गाडीने मी काही जाणार नाही. असल्या माणसाचं ऐकायचं म्हणजे अतिच झालं.

१५ मे
आवाज पार गेला. चहासुद्धा खुणेने मागावा लागतो. लेक मात्र खूश. बाबा धुक्यातून गोष्ट सांगतात म्हणाली. एका खारीची लांबलचक गोष्ट. तिने सगळी म्हणून दाखवली. मला एकही गोष्ट येत नाही. कधी सांगितली नाही.

इथे मराठी बोलणारं आमच्याशिवाय कोणी नाही.

बायकोला कागदावर लिहून दिलं, तो मी नव्हे, सामान बांध. तिने वाचलं. म्हणाली, घसा बसल्याचं हे नाटक पुरे. बाहेर गोड बोलता, आत आलात की तोंड पाडून बसता. दुसऱ्याचं सुख बघवत नाही हे माहीत होतं, स्वतःचंही बघवत नाही का? काडीची अक्कल नाही या बाईला— नको. भीती वाटतेय. माझी मला.

१६ मे
धुकं फळ्यांपर्यंत आलंय. गाडी मागायला गेलो होतो. मॅनेजर माझ्याकडे बघेना. स्वयंपाकीणबाईने दार लावून घेतलं.

परत आलो तर चेन आतून बंद.

आत मी बोलतोय. माझाच आवाज, फक्त खेकसणं नाही. लेकीची वेणी घालतोय— दुखतंय का विचारतोय— बायको हसतेय. अशी हसते ती? मला माहीत नव्हतं.

कापडावर थापा मारल्या. मग बायको, घाबरून. अहो, बाहेर कोण आहे?

आणि मी आतून म्हणालो, कोणी नाही गं. तू बस.

हे पान चेनच्या फटीतून सरकवतो. माझं अक्षर ती ओळखेल. पण कालही अक्षर माझंच होतं— तेवढ्याने भागणार नाही. मी कधी तिच्याशी प्रेमाने बोललो असेन ते लिहायला हवं, फक्त आम्हा दोघांना माहीत असलेलं. तेवढं वाचलं की ती चेन उघडेल. एकच आठवलं तरी पुरे.

लग्नानंतर आपण पहिल्यांदा— नाही, तेव्हा मी ओरडलो होतो.

लेक झाली त्या दिवशी मी तुला— नाही. तेव्हाही—

आत ती विचारतेय, अहो, जायचं का आता. मी आतून हो म्हणालो.

थांब. आठवतोय. एकदा तू आजारी होतीस तेव्हा मी—