न तापलेले ब्रेक

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू मला हसलीस. म्हणालीस, “काका, माझी बस उतारावर आपली आपण सावकाश होते, ब्रेकवर पाय ठेवायचं कामच पडत नाही. तू उगाच जीव टांगणीला लावून बसतोस.” मी हो ला हो केलं खरं, पण ते मनातून जाईना.

तुला गाडी शिकवली तुझ्या बाबानं, माझ्या दादानं. मी आपला बसच्या पोटाखाली आडवं पडून जे कळलं तेवढं शिकलेला माणूस. लांब उतारावर पायाचा ब्रेक सारखा दाबला की तो तापतो, आणि एका क्षणी पेडल तळाला गेलं तरी बस ऐकत नाही. म्हणून रिटार्डर असतो. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा जो फिरता दांडा, त्यावर तो बसवतात. स्टिअरिंगजवळची लिव्हर ओढली की त्यातली चुंबकं जागी होतात आणि दांड्याला न शिवताच त्याला मागे खेचून धरतात. घासत काही नाही, झिजत काही नाही. पण गेलेला वेग कुठेतरी निघतोच. त्याची उष्णता होते. उतार संपल्यावर रिटार्डरवर पाणी शिंपडलं तर चर्र वाजतं.

दादाची लिव्हर ओढायची तऱ्हा निराळी होती. बाकीचे वळण अंगावर आलं की एकदम ओढायचे. हा वळण दिसायच्या आधीच एक खटका, जरा दम खाऊन दुसरा, मग तिसरा. मागे झोपलेलं पोर जागं होऊ नये म्हणून. तो गेल्यावर त्याचीच बस तुला मिळाली, तेव्हा किती बरं वाटलं होतं आपल्याला.

म्हणून काल मी टोपी खाली ओढून तुझ्या सीटमागच्या बाकावर बसलो होतो. रागावू नकोस. उतार लागला. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकपासून लांब, गिअरसुद्धा वरचाच. वळण दिसायच्या आधी बस जराशी अडली. दम खाल्ला. पुन्हा अडली. मग आणखी एकदा. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं पोर हललंदेखील नाही.

खाली पोचल्यावर तू चहाला गेलीस आणि मी बसखाली शिरलो. चाकांचे ब्रेक-ड्रम थंडगार. रिटार्डरचं नुसतं कवच. आतली चुंबकांची वेटोळी कधीच काढून दुसऱ्या गाडीला लावलेली, वायर तोंडाला टेप गुंडाळून लोंबत होती. वर येऊन लिव्हर धरली. तेवढी मूठ कोमट होती, नुकतीच कुणी सोडल्यासारखी. मला भीती वाटली नाही गं. तू परत येईपर्यंत धरून बसलो.

आज डेपोत कळलं, ही बस सोमवारी मोडीत जाते आहे आणि तुला कोरी मिळणार आहे. तिचा रिटार्डर मी स्वतः तपासलाय, अगदी ठणठणीत आहे. पण वळणाआधी गिअर खाली घ्यायचा तूच, लिव्हर ओढायची तूच, आणि रस्ता ओला असला तर हलकीच ओढायची, नाहीतर मागची चाकं घसरतात. तुला या कशाचीच सवय नाही, म्हणून हे लिहितोय. त्या बसमध्ये तू एकटी असशील, बाळ.

तुझाच,
काका