रंगाई खात्याचं पाणी

बाबा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही.

तुमची कापड मिल बंद झाली तेव्हा मी इंदूरबाहेर पीएच.डी. करत होते. सव्वीस वर्षं रंगाई खात्यात काढलेले तुम्ही स्नेहलतागंजमधल्या एका दुकानात गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडायला बसू लागलात. दिवाळीला मी घरी आले, तर परदेशीपुऱ्यातल्या तुमच्या जुन्या सोबत्यांना तुम्ही माझ्यादेखत सांगत होतात, "बेटी कंप्युटरवर बसते, भिया. केमिस्ट्री म्हणे, पण टेस्ट ट्यूबला हात लावत नाही." ते हसले. तुम्हीही हसलात.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम माझे कागद स्वयंपाकघरात आणले. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही जेवताय, आणि मी सांगतेय की रंगाईच्या सांडपाण्यातला रंग तोडणारा एक उत्प्रेरक मी गणितानं शोधलाय. स्वतः न संपता तो रंगाचे रेणू तोडत राहतो. तुम्ही घास हातातच ठेवून विचारता, "पाण्यात मीठ किती धरलंस?"

"मीठ नाही धरलं. शुद्ध पाणी धरलंय."

"अरे वा! शुद्ध पाण्यात रंगाई कोण करतं? कपड्यावर रंग चढावा म्हणून आम्ही पोत्यानं मीठ टाकायचो. ते सगळं नालीत जातं. तुझी ही चीज त्यात टिकणार नाही, लिहून घे. कभी उस पानी में हाथ डाला है?"

विचारलंत ते योग्यच होतं, पण ज्या सुरात विचारलंत तो सूर मला आजही ऐकू येतो. मी म्हणाले, "तुम्हाला एवढं कळत होतं, तर मिल बंद का पडली?"

आईचं लाटणं थांबलं. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात. त्यानंतर माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाहीत. पदवीदानालाही आला नाहीत. दुकानात लग्नसराई होती म्हणे.

दीड वर्षानं एका सहकाऱ्यानं प्रयोगशाळेत माझा उत्प्रेरक खऱ्या रंगाईच्या पाण्यात टाकला. तासाभरात तो निकामी झाला. मिठातला क्लोराइड त्याच्या पृष्ठभागावर चिकटून सगळ्या जागा अडवत होता. मी मीठ धरून गणित पुन्हा मांडलं, त्यात टिकणारा दुसरा पदार्थ सापडला, आणि त्या एका शोधनिबंधावर मला नोकरी लागली, पुढे प्राध्यापकी मिळाली. एका परिषदेत कुणीतरी विचारलं, "मिठाचा विचार कसा सुचला?" मी बेधडक सांगितलं, "आकडेमोडीतूनच दिसलं."

तुम्ही तेव्हा हयात होतात. पुढची सहा वर्षं मी प्रत्येक सुट्टीत घरी येत राहिले, तुमच्यासमोर बसून शहरात काय काय बदललं ते ऐकत राहिले, आणि तुमचं बरोबर होतं एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्हीही विचारू शकला असतात, "त्या तुझ्या कागदांचं काय झालं?" नाही विचारलंत.

आई अजून त्याच घरात आहे. तिला हे वाचून दाखवता येईल, पण दाखवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही अचानक गेलात, वेळच मिळाला नाही. ते खरं नाही. आज तुम्ही समोर असतात, तरी मी हे बोलले नसते.