केल्विनची टोपी

भुईगाव
११ फेब्रुवारी २००९

प्रिय केल्विन,

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही मी मुद्दाम घेतले नाहीत. घेतले असते तर मी मोठी बहीण म्हणून नेहमीसारखा आवाज चढवला असता आणि तू नेहमीसारखं "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून हे पत्र. फ्लॉसी आणि प्रीतल माझ्याकडे बऱ्या आहेत. फ्लॉसीच्या कपाळाचे टाके शनिवारी निघतील. रविवारच्या पंचांच्या बैठकीला मी येईन, पण एका अटीवर, आणि ती अट कळायला तुला हे सगळं वाचावं लागेल. तुझी बायको, तुझी पोर, हे सांगायला पुन्हा फोन करू नकोस. ते मला माहीत आहे.

गेले चार महिने शिवणयंत्र झाकून ठेवून मी काय करते आहे, ते तू एकदाही विचारलं नाहीस. मुंबईच्या कॉलेजातून सुरुची नावाची मुलगी संशोधनाला आली आहे. तिला इथल्या गल्ल्या सापडत नाहीत आणि इथली बोली कळत नाही, म्हणून मी तिच्यासोबत फिरते. घरात आईला मार बसतो, ती मदत मागायला कुणाकडे तरी जाते. तेव्हा ती माणसं तिच्या मुलांसाठी काय करतात, एवढंच सुरुचीला विचारायचं असतं. चौकीत, दवाखान्यात, शाळेत, सल्ला केंद्रात, गावच्या पंचांना. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. मार आईला बसतो, मुलांसाठी वेगळं काय करायचं, असं मीच तिला म्हटलं होतं.

आता हसू येत नाही. डोकं फिरतं. एका डॉक्टरांनी सांगितलं, मूल फार रडलं तर कंपाउंडर त्याला बाहेर नेतो. सल्ला केंद्रातल्या मनोरमाबाई एकट्याच सगळा गाडा ओढतात, त्या म्हणाल्या, "खुर्च्या दोनच आहेत हो. एक नवऱ्याला, एक बायकोला. मुलं व्हरांड्यात बसतात." एका मुख्याध्यापकांनी हातच झटकले. म्हणे घरच्या भानगडीत शाळा पडत नाही, वर्गात झोपणाऱ्या पोराला बाकावर उभं करणं एवढंच आमचं काम. चौकीत मुलांना बिस्किट देतात. फॉर्मवर बिस्किट, बिस्किट लिहून माझे हात दुखले. एकही माणूस वाईट नव्हता, केल्विन, सगळ्यांनी आम्हाला चहा पाजला. पण त्या व्हरांड्यातल्या पोराला कधी काही विचारलं का, असं म्हटलं की सगळे पुन्हा चहाचंच विचारायचे.

मग गेल्या सोमवारी एक निवृत्त हवालदार भेटले. फार आपुलकीने बोलले. "आम्ही केस वाढवायचो नाही, मॅडम. पोराला पुढे घ्यायचं आणि बापाला त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची, की परत मारणार नाही. रामबाण उपाय." सुरुचीने मला हळूच विचारलं, "अँजेलिना, हे कुठल्या कॉलममध्ये टाकायचं?" माझ्याने काही लिहवेना. पेन तिच्या हातात देऊन मी बाहेर आले आणि त्यांच्या अंगणातल्या नळावर तोंड धुतलं. हवालदार माझ्यासाठी थांबून होते, म्हणून मी पुन्हा आत जाऊन बसले.

आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. नव्वद साल, ऑक्टोबर महिना. पप्पांनी आईचं मनगट मोडलं होतं आणि पंचांतल्या जॉन अंकलच्या ओट्यावर बैठक बसली होती. मी चौदा वर्षांची होते, मला सगळं सांगायचं होतं, म्हणून मी पुढे झाले तर मला बाजूला सारलं. मुलग्याच्या डोक्यावरची शपथ पक्की असते म्हणे. तू नऊ वर्षांचा. दाराआड उभा होतास, तिथून तुला ओढून आणलं. पप्पांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रडत रडत शपथ घेतली. सगळ्यांना हायसं वाटलं. वाटेत केळीच्या बागेपाशी तू मला विचारलंस, "पप्पांनी शपथ मोडली तर मी मरनार का?" मी हसले. वेडा कुठला, म्हणाले आणि पुढे चालू लागले.

शपथ अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी जॉन अंकल चौकशीला आले, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत तूच धावत गेलास. "पप्पा मारत नाहीत. आई विहिरीवर घसरली." तुला हे आईने शिकवलं नव्हतं, मीही नाही. शपथ मोडल्याचं कुणाला कळलं नाही तर ती मोडलीच नाही, असं तू ठरवलं होतंस. पुढे डॉक्टरांना तेच सांगितलंस, शाळेतल्या बाईंना तेच. पोरगं कशाला खोटं बोलेल, म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि आईने आणखी सहा वर्षं मार खाल्ला. आणि शपथेच्या दिवसापासून ती निळी टोपी. उन्हात, घरात, वर्गातसुद्धा. मला तुझे केस विंचरू द्यायचा नाहीस, डोक्याला हातच लावू द्यायचा नाहीस. वर्गात टोपी काढली नाहीस म्हणून सरांनी छड्या मारल्या, तरी काढली नाहीस. ती टोपी का, हे एकानेही तुला विचारलं नाही. मीही नाही. मला ते त्या हवालदारांच्या नळावर कळलं, अठरा वर्षांनी.

काल जॉन अंकलचा पास्कल येऊन गेला. रविवारी प्रीतलला चांगला फ्रॉक घालून आणा, म्हणाला. केल्विन तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला तयार आहे, त्यानेच स्वतःहून सांगितलं, म्हणाला. तू, केल्विन. तुला लाज कशी वाटली नाही. दवाखान्यात डॉक्टर फ्लॉसीशी एक शब्द बोलायच्या आत प्रीतलने सांगून टाकलं होतं, "मम्मी पडली." पाच वर्षांची आहे ती. तेव्हा माझी अट ऐक. प्रीतल रविवारी येणार नाही. शपथ घ्यायचीच असेल तर हात स्वतःच्या डोक्यावर ठेव, आणि त्याआधी तू टोपी का घालायचास ते सगळ्या पंचांसमोर सांग. ते जमणार नसेल तर सोमवारी फ्लॉसीला घेऊन मी चौकीत जाईन. प्रीतलही येईल, आणि ती व्हरांड्यात बसणार नाही, आमच्याबरोबर आत बसेल. पास्कल गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "आत्या, पप्पा माझ्या डोक्यावर हात का ठेवणार?" या वेळी मी हसले नाही. "तुझ्या डोक्यावर कुणीही हात ठेवणार नाही," असं तिला सांगितलं. तिने आत जाऊन कंगवा आणला आणि माझ्या हातात दिला.

तुझीच,
अँजेलिना