उत्तन आघाडीवरून

४ डिसेंबर १९७१, सकाळ
युद्ध पेटलं! मिठागराच्या ऑफिसात पावत्या फाडायला माझा जन्म नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय. 'ठाणे डंका' साप्ताहिकाचा मी भाईंदरचा वार्ताहर. आजपासून युद्ध वार्ताहर. संपादक दाजींना तार ठोकली : ताबडतोब आघाडीवर पाठवा. बायकोला गंभीरपणे सांगितलं, सुलू, मी परत येईन न येईन. म्हणाली, आलात तर रॉकेल घेऊन या.

५ डिसेंबर
दाजींचा निरोप आला. तिकिटाला पैसे नाहीत, समुद्र जवळ आहे, तिथंच काय ते बघा. म्हणजे किनारा माझ्या ताब्यात! शेजारच्या शहाशेठकडून दुर्बीण आणली. म्हणाले, वापस देना हां, नाटक देखने को लगती है.
संकल्प : डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

६ डिसेंबर
उत्तनची एस.टी. लागली. उलटी झाली. तिथल्या चौक गावच्या किनाऱ्यावर मोर्चा बांधला. शत्रू दिसला नाही. दुर्बिणीतून नाटकच बरं दिसत असणार.

७ डिसेंबर
काल अंधार पडल्यावर किनाऱ्यावर उजेड! ब्लॅकआऊटमध्ये! मी शिट्टी फुंकली, होमगार्ड धावले. पाहतो तर डॉरिस. आमच्या दाराशी बोंबील घेऊन येते तीच. काठीला कंदील बांधून खडकावर उभी. म्हणाली, घरवाला दर्यात हाय, लढाईच्या आदल्या दिशी गेलाय, होडीवर रेडिओ न्हाय, त्याला कसलं ठाव ब्लॅकआऊट. खडकांतली वाट कंदिलाबिगर गावत न्हाय. सासूनं धरला, तिच्या सासूनं धरला, आज मी कशी इजवू?
मी समजावलं, बाई, देश मोठा. होमगार्डांनी कंदील नेला. ती रडत होडीची खूण सांगत राहिली : शिडाला निळं ठिगळ. दिसली तर कळवा म्हणाली. लिहून घेतलं.
झोप लागली नाही. एस.टी.चे धक्के.

८ डिसेंबर
बातमी पाठवली. 'शत्रूला खुणावणारा दिवा आमच्या युद्ध वार्ताहराने विझवला!' नुसता दिवा मिळमिळीत वाटत होता. म्हणून समुद्रात एक संशयित होडी घातली. होडी म्हटल्यावर वर्णन हवं. शिडाला निळं ठिगळ घातलं. तपशिलाशिवाय बातमीत जीव येत नाही.
संकल्पाचं : दिवा डोळ्यांनी पाहिलाच होता. होडीही असणारच कुठेतरी.

९ डिसेंबर
पहिल्या पानावर! नाव नाही, फक्त 'आमच्या युद्ध वार्ताहराकडून'. युद्धात नाव गुप्तच ठेवतात. सुलूला वाचून दाखवलं. निळ्या ठिगळापाशी तिने थांबवलं आणि विचारलं, हे डॉरिसने सांगितलेलंच ना? म्हटलं, बायकांना पत्रकारितेतलं कळत नाही. जेवायला भाकरी करपलेली.

१० डिसेंबर
डॉरिस आली. तिचा नवरा सेबॅस्टियन अजून परतलेला नाही. तिला वाचता येत नाही. म्हणाली, पेपरवाले भाऊ, तुमच्या पेपरात एवढं छापा की होडी आली न्हाय. वरच्या बंदरांतलं कोणी वाचील, सांगावा धाडील. म्हटलं, एक ओळ? मी पान भरून लिहीन!
ती गेली. त्या दिवशी कंदील राहू दिला असता तर, असं वाटलं. युद्धात भावनाविवश होऊन चालत नाही.

१२ डिसेंबर
'दर्या आणि राष्ट्र' लेख पूर्ण. अप्रतिम. सेबॅस्टियनचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात.

१४ डिसेंबर
डॉरिस पुन्हा आली. छापलं का? म्हटलं, गुरुवारी. सुलूने तिला आत नेऊन बसवलं. मी मागच्या दाराने ऑफिसला.

१६ डिसेंबर
अंक आला. दाजींनी लेखाचा शेवट कापला. जागा नव्हती म्हणे. संध्याकाळी ढाक्यात शत्रूची शरणागती, फटाके, पेढे. स्टेशनवर अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या. मीही मारल्या. पेढा तसाच खिशात ठेवला. एक ओळ, फक्त एक ओळ छापायची होती. उद्या स्वतः ठाण्याला जाऊन दाजींना खडसावणार.

१७ डिसेंबर
गेलो. दाजी विजय विशेषांकात बुडालेले. आघाडीवरचा माझा अनुभव मागितला. दोन पानं देऊन आलो. ओळीचं राहिलं.

१९ डिसेंबर, रविवार
सकाळी दारात सेबॅस्टियन! दाढी वाढलेली, सोबत डॉरिस. मला रडूच आलं. जिवंत आहे! जिवंत आहे! त्या रात्री होडी जवळ आली होती. उजेड दिसेना, खडकाच्या भीतीने परतवली, वाऱ्याने वर उत्तरेला नेली. कुठल्याशा बंदराला लागले, तर दोन दिवसांनी पोलीस. निळं ठिगळ बघून सगळ्यांना आत टाकलं. मासळी सडली, जाळं जप्त. लढाई संपली म्हणून सोडलं.
पोलिसांच्या हातात पेपर होता, त्यातली होडीची ओळ तेवढी वाचून दाखवली. तुमचाच पेपर, पेपरवाले भाऊ, सेबॅस्टियन म्हणाला. माझ्यासाठी डॉरिसने बोंबील आणलेले. तुम्ही लई खटपट केली म्हणाली.
मग सेबॅस्टियन म्हणाला, ते लिवणारा कोण, तेवढं शोधून द्या. मारणार न्हाय. फकस्त इचारायचंय, आमची होडी त्याला दिसली, तर तवाच हाक का न्हाय मारली?
चौकशी करतो, म्हणालो.
सुलूने त्यांना चहा दिला. मला दिला नाही.