सोमवारी दारात

प्रिय ठमे,

तू फोन उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही. पोलिसातल्या बाईने सध्या आमच्याशी बोललेलं तिच्या वरच्यांना खपणार नाही, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र मावशीच्या हाती देतेय. वाचून फाडून टाक, पण वाच.

चर्चचं सभागृह तू ओळखणार नाहीस. लग्नांच्या पंगती उठायच्या तिथे आता अंथरुणाला अंथरूण लागलंय. पियानोच्या झाकणावर लंगोट वाळत घातलेले असतात. गायकवृंदाच्या बाईंनी ते पाहिलं आणि मटकन खालीच बसल्या. मला हसू आलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. हल्ली माझं असंच होतं.

नाल्याकाठची वस्ती पाडली त्या संध्याकाळी ही माणसं फाटकाशी आली. थंडी मी म्हणत होती. तुझ्या पप्पांनी कुलूप काढलं आणि मला म्हणाले, "आजच्यापुरतं गं." त्यांच्या आजच्यापुरत्याला आता महिने झाले. आधी कौतुक झालं, पेपरात फोटोही आला. मग टीव्हीवरच्या चर्चेत कोणीतरी म्हणालं की चर्चवाले गरिबांना धर्मात ओढायला गोळा करतायत. आणि ठमे, पप्पांनी त्यांना उपासनेला बोलावलंसुद्धा नव्हतं! उलट रविवारी आमच्या गाण्यांनी तुमची झोपमोड होते, म्हणून त्यांची माफी मागून आले होते. पण ऐकतो कोण? भिंतीला काळं फासलं, खिडकीच्या काचा फुटल्या.

ते सोसलं असतं. पण घाव घातला तो आपल्याच माणसांनी. चर्चच्या मंडळीचे चिटणीस, तुझ्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेले तुझे धर्मपिता, पप्पांना म्हणाले, "पाळकसाहेब, आपण मूठभर माणसं. उगाच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं? माझ्या नातवंडांना शाळेत डिवचतात." खोटं नव्हतं ते. पप्पा म्हणाले, आपण कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये एवढ्यासाठीच चर्च असेल तर रविवारी मी उपदेश तरी कसला करू? चिटणीस उठून गेले. त्यानंतर बाकं रिकामी पडत गेली. शेवटी मंडळीच्या कमिटीनेच कोर्टात अर्ज केला. सभागृह सोमवारी रिकामं करायचं, असा हुकूम झालाय. पाळकांचं घरही कमिटीचंच, तेव्हा आमचंही काही खरं नाही.

तुला वाटेल आई पप्पांच्या बाजूने उभी असेल. नाही गं. मी भांडले. म्हटलं, तुम्ही तुमच्या तोंडाने त्या लोकांना निघायला सांगा, पोलिसांनी हाकलण्यापेक्षा ते बरं. ते शांतपणे म्हणाले, "तू सांग. तू सांगितलंस तर मी आड येणार नाही." मीही इरेला पेटले आणि तरातरा सभागृहात गेले. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. मला काहीतरी बोलायचंय हे तिने ओळखलं असावं. तिने आपली गोधडी झटकली आणि मला बसायला जागा केली. "दमलीस बाई," म्हणाली. मी बसले. शेजारी रविवारच्या शाळेच्या खोलीत बाळंत झालेली पोर बाळाला थोपटत होती. जे सांगायला गेले होते ते न सांगताच परत आले.

प्रार्थना करायला बसते, पण शब्द फुटत नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या दुखण्याखुपण्यात मी प्रार्थना केली, आणि आता स्वतःसाठी मागायची वेळ आली तर काय मागायचं तेच समजत नाही. ही माणसं राहावीत असं मागू, की पप्पा शाबूत राहावेत असं? दोन्ही एकदम मागायला जीभ रेटत नाही.

सोमवारी पप्पा सभागृहाच्या दारात बसणार आहेत. हात उगारणार नाहीत, घोषणा देणार नाहीत, पण उठणारही नाहीत. उचलूनच न्यावं लागेल म्हणतात.

मावशी सांगत होती, बंदोबस्त तुझ्या ठाण्याकडे आहे आणि तू त्या दिवशीची रजा टाकलीयस. साहेबांनीही समजुतीने दिली म्हणे. ऐकलं तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, पोरगी सुटली. पण काल पप्पा दारात बसून बघत होते, बसायला जमतं का ते. उठताना डावा हात टेकला आणि पांढरेफटक पडले. ऑपरेशन झालेला तो खांदा ओढ लागली की निखळतो, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? अनोळखी शिपाई त्यांना काखेत हात घालूनच ओढणार. ते ओरडतील. आतली माणसं ते ऐकून धावत बाहेर येतील, मग काठ्या चालतील, आणि आत लेकरं आहेत गं. म्हणून लिहितेय. हुकूम थांबव असं मी म्हणत नाही, तो तुझ्या हातात नाही. फक्त रजा मागे घे. वर्दीत ये आणि त्यांना तू उचल. दवाखान्यातून आणल्यावर उचलायचीस तसं, एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली. ते कदाचित तुझ्याशी बोलणार नाहीत. बापाला उचलणारी पोरगी म्हणून तू टीव्हीवर दिसशील आणि दोन्हीकडचे लोक तुझ्यावर थुंकतील. सगळं समजतंय मला. तरी ये.

तुझीच, तुझ्यापुढे पदर पसरणारी,
आई